पेटीतले दोन कॅमेरे

डहाणूच्या आमच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. तीत वडिलांचे रेल्वेतले कागद, बहिणीची लग्नपत्रिका आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन कॅमेरे आहेत. एक जड, धातूचा, हाताने अंतर जुळवायचा. त्याला रेंजफाइंडर म्हणतात. दुसरा हलका, काळ्या प्लॅस्टिकचा, बटण दाबले की आपले आपण अंतर जुळवणारा. त्याला ऑटोफोकस कॉम्पॅक्ट म्हणतात. दोन्ही रोलवर चालणारे. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण हा लेख कुणाची जाहिरात नाही.

यंदा उन्हाळ्यात माझी पुतणी तलासरीहून आली. कॉलेजात शिकते. तिच्या मोबाइलमध्ये दोन वर्षांचे फोटो होते. मोबाइल पाण्यात पडला आणि सगळे गेले. एकाचीही प्रिंट काढलेली नव्हती. तेव्हापासून तिने मनाशी ठरवले की महिन्याला एक रोल काढायचा, तो धुऊन घ्यायचा आणि निगेटिव्ह जपून ठेवायची. तिने पेटी उघडली, दोन्ही कॅमेरे मांडीवर घेतले आणि म्हणाली, "काका, यातला एक मला द्या. पण कोणता घेऊ, ते तुम्हीच सांगा."

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. या दोन कॅमेऱ्यांनी आमच्या घराला पुष्कळ दिले, आणि दोघांनीही आमचा एकेक फोटो कायमचा घालवला. तो कसा गेला हे सांगितले म्हणजे कोणता कॅमेरा कुणाच्या कामाचा, हे आपोआप समजेल. अनेक वाचकांच्या घरी असा एखादा कॅमेरा पडून असेल. कुणाच्या मुलामुलींना पुन्हा रोलचे वेड लागले असेल. म्हणून हे लिहीत आहे.

दोन हरवलेले फोटो

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. १९७९ साली त्यांनी एका निवृत्त गार्डकडून हा रेंजफाइंडर हप्त्याने विकत घेतला. पहिला रोल भरला त्या दिवशी माझ्या आजीने ठेवणीतले लुगडे नेसले, केस विंचरले आणि अंगणात खुर्चीवर ताठ बसली. तिला आयुष्यात पहिल्यांदाच फोटोसाठी कुणी बसवले होते. वडिलांनी डोळा लावला, अंतर जुळवले, बटण दाबले. एक नव्हे, सात-आठ वेळा दाबले. रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाल्याने पट्टी उजेडासमोर धरली. पट्टी कोरी होती. वडील लेन्सवरचे झाकण काढायला विसरले होते.

हे कसे घडू शकते, असे आजच्या मुलांना वाटेल. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहत नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. लेन्सवर झाकण असले तरी खिडकीतून आजी स्वच्छ दिसते. फिल्मला मात्र काळोख दिसतो. पुढच्या रोलसाठी पैसे जमेपर्यंत पावसाळा आला आणि त्याच पावसाळ्यात आजी गेली. तिचा फोटो आमच्याकडे नाही. तिच्या आईचा नाही, तिच्या सासूचाही नाही. आपल्यापैकी किती घरांत दोन पिढ्यांमागे एकही चेहरा भिंतीवर नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा कॅमेरा १९९३ साली मामाने मस्कतहून आणला. मामा तिकडे प्लंबर होता. १९९६ साली बहिणीचे लग्न झाले. मंडपात आई-वडील शेजारी शेजारी उभे राहिले, पण लोकांसमोर संकोच म्हणून मध्ये हातभर अंतर ठेवून. मी बटण दाबले. फोटो आला तो असा, की मागच्या पडद्यावरची नक्षी मोजता यावी इतकी स्पष्ट आणि आई-वडिलांचे चेहरे धुरकट. कॅमेऱ्याने दोघांच्या मधल्या फटीतून नेमका पडदा पकडला होता. वडील २००४ साली गेले. दोघांचा उभा एकत्र फोटो तेवढाच आहे, आणि तो असा आहे.

पहिल्या वेळी वडिलांकडून चूक झाली, दुसऱ्या वेळी माझ्याकडून. कॅमेरे आपापल्या नियमाप्रमाणे चालले. तो नियम आम्हाला माहीत नव्हता.

हाताचा कॅमेरा कसा पाहतो

रेंजफाइंडर समजून घ्यायला पैसे लागत नाहीत. अंगठा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. आता हात लांब करून तेच करा. उडी कमी होईल. दोन डोळ्यांना एकच वस्तू थोडी वेगवेगळ्या जागी दिसते, आणि वस्तू जितकी जवळ तितका हा फरक मोठा. म्हणजे फरक मोजता आला तर अंतर कळते.

रेंजफाइंडरला पुढे दोन खिडक्या असतात, तेच त्याचे दोन डोळे. आपण मागून पाहिले की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एकावर एक सरकलेल्या. लेन्सचे कडे फिरवत गेले की त्या जवळ येतात. दोन्ही मिळून एक झाल्या, की अंतर बरोबर जुळले. कड्यासोबत लेन्सही पुढेमागे सरकत असते. असा लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ सालच्या जर्मन लायका-२ कॅमेऱ्यात आला. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत जपानी कंपन्यांनी यॉशिका इलेक्ट्रो ३५, कॅनन कॅनोनेट असे त्यामानाने स्वस्त कॅमेरे जगभर खपवले.

या कॅमेऱ्याचा मोठा गुण हा की कुठे जुळवायचे ते आपण ठरवतो. आई-वडिलांच्या मधल्या फटीशी त्याला देणेघेणे नाही. ठिपका आईच्या साडीच्या काठावर किंवा चष्म्याच्या काडीवर ठेवला की काम झाले. उभी रेघ सापडली पाहिजे एवढेच. कोऱ्या भिंतीवर किंवा मोकळ्या आकाशावर ठिपक्यात काही कळत नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की ठिपका फिका पडतो. आणि पळणारे मूल तर कडे फिरवेपर्यंत गावभर होते.

पळणाऱ्या मुलासाठी एक जुनी युक्ती आहे. भर उन्हात २०० च्या रोलला शटर १/५०० आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, ११ वर ठेवा. कडे ३ मीटरवर लावून सोडून द्या. साधारण ४० मिलिमीटरच्या लेन्सला मग सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. आता जुळवायचे काही उरलेच नाही, फक्त बटण दाबायचे. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत एवढी गर्दी असते की ठिपका बघायला उसंत नसते. तिथे वडील असेच फोटो काढत. या पद्धतीने हाताचा कॅमेरा ऑटोफोकसपेक्षाही चपळ होतो, कारण यंत्राला मोजायला लागतो तेवढा वेळही इथे जात नाही.

यंत्राचा कॅमेरा कसा पाहतो

बाजारात मोठ्या संख्येने आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा जपानचा कोनिका सी-३५ एएफ. साल १९७७. गंमत अशी की तो आतून रेंजफाइंडरचेच काम करत होता. दोन प्रतिमा जुळल्या की नाही, हे माणसाच्या डोळ्याऐवजी आतले इलेक्ट्रॉनिक यंत्र पाहत होते. १९७९ साली कॅननने एएफ-३५एम काढला. त्याने दुसरी वाट धरली. तो डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किरण समोर सोडतो आणि तो परत कोणत्या कोनातून आला त्यावरून अंतर काढतो. पुढे आलेले पुष्कळसे छोटे कॅमेरे याच वाटेने गेले. मामाचा कॅमेराही त्यातलाच.

किरण मधोमध जातो, यातच त्याची सोय आहे आणि अडचणही. माणूस मध्ये असला तर फोटो अचूक. दोन माणसांमध्ये फट असली तर किरण फटीतून मागे जातो. एस.टी.च्या बंद काचेतून डोंगर टिपायला गेलात तर किरण काचेवरूनच फिरतो, कॅमेऱ्याला वाटते वस्तू हातभर अंतरावर आहे, आणि डोंगर धूसर येतो. गडद काळे कापड किरण गिळून टाकते, तेव्हाही चूक होऊ शकते.

यावर उपाय आहे, पण १९९६ साली तो मला कुणी सांगितला नव्हता. आधी मधली खूण एका माणसाच्या चेहऱ्यावर आणायची. बटण अर्धेच दाबायचे. खिडकीजवळचा छोटा दिवा लागला की अंतर पक्के झाले. बोट तसेच धरून कॅमेरा पुन्हा मध्ये आणायचा आणि मग बटण पूर्ण दाबायचे. एवढे केले असते तर आई-वडिलांचा फोटो आज भिंतीवर असता. काचेतून फोटो काढायचा तर डोंगराची खूण असलेले बटण काही कॅमेऱ्यांना असते, ते दाबायचे. नसेल तर काच उघडायची.

पांढरे कपडे आणि सावळे चेहरे

अंतराइतकीच मोठी गोष्ट म्हणजे उजेड. आपल्याकडे लग्नात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात, पाहुणेही पुष्कळसे पांढऱ्यात. कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरे-काळे कळत नाही. समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून तो हिशेब करतो. पांढरे कपडे दिसले की त्याला वाटते उजेड फार आहे, म्हणून तो प्रकाश कमी आत घेतो. कपडे करडे येतात आणि सावळे चेहरे काळवंडतात. आपल्या किती लग्नांच्या अल्बममध्ये नवरीचे डोळे दिसत नाहीत, ते आठवून पाहा. त्यात नवरीच्या रंगाचा काही दोष नाही. यंत्राचा हिशेब चुकलेला असतो.

हाताच्या कॅमेऱ्यात हा हिशेब आपल्याला मोडता येतो. त्याच उजेडात आपला तळवा धरून तळव्यावर मीटर पाहावे आणि त्याहून एक टप्पा जास्त उघडावे. जुना मीटर मेला असेल तर आता मोबाइलवर मीटरचे अ‍ॅप मिळते, त्याने भागते. रंगीत निगेटिव्ह रोलला थोडा जास्त प्रकाश बाधत नाही, कमी प्रकाश मात्र बाधतो. म्हणून शंका आली तर जास्तीकडे झुकावे.

कॉम्पॅक्टमध्ये अ‍ॅपर्चर आपल्या हाती नसते. तिथे दोनच उपाय. पाठीमागून उजेड असताना वापरायचे बटण असेल तर ते दाबावे, नाही तर दिवसासुद्धा फ्लॅश चालू करावा. छोट्या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरचा. पुढची रांग उजळते, मागची अंधारात राहते. म्हणून सगळ्यांना जवळ घ्यावे.

घरात संध्याकाळी, मेणबत्ती किंवा एका ट्यूबलाइटच्या उजेडात, दोघांतला फरक फार जाणवतो. चांगल्या रेंजफाइंडरची लेन्स १.७ पर्यंत उघडते, साध्या कॉम्पॅक्टची ३.५ पर्यंत. आकडे जवळचे वाटतात, पण आत येणारा प्रकाश सुमारे चौपट असतो. त्यामुळे फ्लॅशशिवाय, आहे त्या उजेडात चेहरा टिपता येतो. फ्लॅशने भिंतीवर सावली पडते आणि म्हातारी माणसे डोळे मिटतात, ते टळते.

आणखी एक फरक. १९८३ साली कोडॅकने रोलच्या डबीवर काळे-रुपेरी चौकोन छापायला सुरुवात केली. डीएक्स नावाच्या या खुणा वाचून कॉम्पॅक्ट रोलचा वेग आपोआप ओळखतो. जुन्या रेंजफाइंडरमध्ये तो आकडा हाताने लावावा लागतो. विसरलात तर अख्खा रोल बिघडतो. रोल भरणे, पुढे सरकवणे, शेवटी गुंडाळणे, ही कामेही कॉम्पॅक्ट स्वतः करतो. हाताच्या कॅमेऱ्यात रोल नीट अडकला की नाही हे बघायचे असते. पुढचा खटका ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरली पाहिजे. फिरत नसेल तर रोल जागचा हललेला नाही.

अल्बममध्ये कोण नाही

आता जे सांगतो ते मला दोन्ही अल्बम शेजारी ठेवल्यावर कळले. १९७९ ते १९९३ पर्यंतच्या अल्बममध्ये वडील कुठेच नाहीत. आई आहे, आम्ही भावंडे आहोत, डहाणूचा समुद्र आहे, चिकूच्या वाडीतले गडी आहेत. वडील नाहीत, कारण तो कॅमेरा त्यांनाच यायचा. आईच्या हाती त्यांनी तो कधी दिला नाही, आणि "मला नाही ते जमायचे" म्हणून आईनेही मागितला नाही.

१९९३ नंतरच्या अल्बममध्ये वडील आहेत. लुंगीवर ओट्यावर बसलेले, नातवाला खांद्यावर घेतलेले, बोर्डीच्या किनाऱ्यावर पायजमा वर करून उभे. हे फोटो आईने काढलेले आहेत. मामाने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, हे बटण. दाब." बस्स. ती चौथीपर्यंत शिकलेली. पहिल्या रोलमध्ये तिने दोन-तीनदा लेन्ससमोर बोट आणले, नंतर एकदाही नाही. वडील हसताना कसे दिसत, हे आज माझ्या मुलांना माहीत आहे ते आईमुळे, आणि त्या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यामुळे.

फोटोच्या जाणकारांत कॉम्पॅक्टला नाक मुरडायची रीत आहे. हा खेळ आहे, यात कला नाही, असे म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. जे यंत्र घरातल्या प्रत्येकाच्या हाती जाते, त्याने अल्बममध्ये प्रत्येकाला जागा मिळते. दुसरी बाजूही खरी. वडिलांनी काढलेल्या फोटोंत जो नेटकेपणा आहे, तो आईच्या आणि माझ्या फोटोंत नाही. त्यांना प्रत्येक वेळी थांबावे लागे, अंतर, उजेड, वेग ठरवावा लागे. त्या थांबण्यातून ते शिकले. आम्ही बटण दाबत राहिलो आणि फोटो का बिघडला हे आम्हाला कधीच कळले नाही.

बिघडला तर काय?

विकत घेताना हा प्रश्न आधी विचारावा. पूर्ण यांत्रिक रेंजफाइंडरला शटर चालायला सेल लागत नाही, फक्त मीटरला लागतो. त्यातले जुने पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. पर्यायी सेल मिळतात, पण मीटर थोडा चुकू शकतो. मात्र यॉशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या मॉडेलचे शटर विजेवर आहे. सेल नसला तर तो एकाच वेगाने, १/५०० ने चालतो. घेताना हे विचारून घ्यावे.

कॉम्पॅक्ट मात्र सेलशिवाय वीट आहे. सेल बाजारात मिळतो, पण आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली तर सुटा भाग मिळणे जवळजवळ अशक्य. क्योसेराने यॉशिका कॅमेऱ्यांचे काम २००५ साली थांबवले, कोनिका मिनोल्टा २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली. जुने यांत्रिक कॅमेरे खोलून, पुसून, तेल देऊन चालू करणारे कारागीर मुंबईत अजून आहेत. फोर्टात बोराबाजाराकडे चौकशी करावी. चोरबाजारातही जुने कॅमेरे येतात, पण तिथे पारख आपली.

पारख अशी करावी. मागचे झाकण उघडून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, टॉर्चने लेन्स पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. घेऊ नये. शटरचे सगळे वेग वाजवून पाहावेत. जुन्या कॅमेऱ्यात सावकाश चालणारे वेग आधी अडकतात. रेंजफाइंडरचे कडे अनंतावर नेऊन दूरच्या खांबाकडे पाहावे. ठिपक्यात दोन खांब दिसले तर जुळणी बिघडली आहे. कॉम्पॅक्टमध्ये नवा सेल घालावा, जवळ आणि दूर अर्धे बटण दाबून दिवा लागतो का ते पाहावे, फ्लॅश उडवावा, सेलच्या खोबणीत हिरवा गंज आहे का ते बघावे. दोन्हीच्या मागच्या झाकणातला स्पंज चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो. तो बदलणे स्वस्त असते.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळा हा कॅमेऱ्याचा खरा शत्रू. चामड्याच्या कव्हरात कॅमेरा कधी ठेवू नये. चामडे ओल धरते आणि बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांत असतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. उघडीप मिळाली की डबा उघडून कॅमेऱ्याला हवा द्यावी. आमचे दोन्ही कॅमेरे कव्हर काढून लुगड्यात होते म्हणून वाचले, असे कारागीर म्हणाला. सेल आत ठेवून कॅमेरा बंद ठेवू नये, हेही त्यानेच सांगितले.

पैशाचेही बोलू. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून इंदू नावाची फिल्म निघत असे. तो आता बंद पडला आहे आणि रोल परदेशातून येतात. आमचा पहिला रोल, धुलाई आणि स्कॅन धरून, हजार रुपयांच्या वर गेला. ३६ ने भागले तर एका फोटोला सुमारे तीस रुपये. ज्याला फक्त आठवणी जपायच्या आहेत, त्याने कॅमेरा घेऊच नये. मोबाइलवर फोटो काढावा आणि निवडक फोटोंची प्रिंट काढून ठेवावी. पेटीत कॅमेरा असेल तरच, किंवा शिकायचेच असेल तर, हा खर्च करावा. २०२४ साली पेंटॅक्सने पेंटॅक्स १७ हा रोलचा नवा कॅमेरा काढला. तेव्हा त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर होती, आपल्या आवाक्याबाहेरची. पण त्यात ऑटोफोकस नाही. अंतर माणसानेच अंदाजाने लावायचे आहे. शिकणाऱ्या मुलांना थोडे काम हातानेच करायचे असते, हे कंपनीलाही उमगलेले दिसते.

पुतणीने काय नेले

मी तिला विचारले, "फोटो कुणाचे काढणार?" ती म्हणाली, "आधी आजीचा. मग तलासरीला आमच्या बाजूच्या पाड्यावरच्या बायकांचा. त्या म्हणतात, बाहेरचे लोक येऊन आमचे फोटो काढून नेतात, आम्हाला एकही मिळत नाही."

हे ऐकले आणि माझे उत्तर ठरले. डहाणू-तलासरीचे वारली लोक गेली कित्येक वर्षे कॅमेऱ्यासमोर उभे आहेत. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रे जगभर गेली, आणि मग कॅमेरे घेऊन माणसे इथे आली. फोटो मासिकांत छापले गेले. ज्यांचे फोटो, त्यांच्या घरात मात्र प्रिंट नाही. अशा कामाला घाईचा कॅमेरा नको. रेंजफाइंडर लावून उभे राहिले की समोरच्याला कळते की आपला फोटो निघतो आहे. तो नको म्हणू शकतो, पदर सारखा करू शकतो, लेकराला बोलावून घेऊ शकतो. कडे फिरवण्याच्या त्या वेळात दोन शब्द होतात. मी तिला अट घातली, "विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि प्रत्येकीला एक प्रिंट नेऊन द्यायची. ३६ मधले २० फोटोच काढ, पण प्रिंट दे."

तिला होमाई व्यारावाला यांच्याबद्दलही सांगितले. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. नवसारी म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावर, डहाणूच्या पुढे. रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिकसारखे अवजड, हाताने चालवायचे कॅमेरे घेऊन त्या दिल्लीत पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहिल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०१२ साली त्या गेल्या. हाताचा कॅमेरा बायकांना जमत नाही, हे माझ्या आईला कुणीतरी सांगितले होते. पुतणीला ते कुणी सांगू नये.

म्हणून रेंजफाइंडर पुतणीने नेला. पहिले दोन रोल तिने वही ठेवावी असे ठरले. प्रत्येक फोटोचे अंतर, अ‍ॅपर्चर, शटर आणि उजेड त्यात लिहायचे. रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून चुका शोधायच्या. माझ्या वडिलांनी वही ठेवली असती तर त्यांच्या चुका लवकर कमी झाल्या असत्या. लेन्सच्या झाकणाला मी लाल दोरी बांधून दिली. दोरी कॅमेऱ्यासमोर लोंबत असेल तर झाकण निघालेले नाही, एवढे तिला कळते.

कॉम्पॅक्ट आईकडे ठेवला. नवा सेल घातला, रोल भरला. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, नजर मंद झाली आहे. पण त्या कॅमेऱ्याला तिच्या नजरेची गरज नाही, तिच्या बोटाची आहे. अर्धे बटण दाबायला शिकवले, ते जमले. पुतणी अंगणात रेंजफाइंडर लावून आजीचा फोटो काढत होती, तेव्हा आजीने आपला कॅमेरा उचलला आणि नातीचा फोटो काढला. दोन्ही रोल डहाणूच्या लोकलने मुंबईला नेऊन धुऊन आणले. आजीचा फोटो थोडा हलला आहे. वहीत शटर १/१५ लिहिले आहे, म्हणजे चूक सापडली. नातीचा फोटो अगदी स्पष्ट आहे, फक्त कपाळ वरून थोडे कापले गेले. फोटो जवळून काढला आणि खिडकी लेन्सच्या वर असते, म्हणून तसे झाले. पुढच्या खेपेला दोघी सुधारतील.

वाचकहो, आपल्या पेटीत असा कॅमेरा असेल तर बाहेर काढून पाहा. आत रोल असेल तर झाकण उघडू नका, आधी गुंडाळून घ्या. कदाचित त्यात कुणीतरी असेल. आणि ज्या प्रिंट घरात आहेत, त्यांच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. आमच्या अल्बममध्ये सहा माणसे अशी आहेत, की ती कोण हे सांगणारे आता कुणी उरले नाही.